डालेमची जमीन १९२० च्या आधीच गेली होती

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला इरावती कर्वे यांच्या बर्लिनमधील वास्तव्यावरचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल पुरवणीचे आभार मानायला हवेत. पण त्यांची संस्था जिथे होती त्या डालेमबद्दल, म्हणजे बर्लिनच्या नैर्ऋत्येकडच्या आजच्या उपनगराबद्दल, त्यात जे छापून आले आहे, ते तसेच सोडून देणे शक्य नाही. ‘बृहद्बर्लिनने १९२० साली ग्रामस्थांचा विरोध मोडून हे खेडे गिळले आणि मग तिथे संशोधन संस्था उभ्या राहिल्या’ असे लेख म्हणतो. क्रम नेमका उलटा आहे, आणि ग्रामस्थांच्या विरोधाची गोष्ट तर कुठून आली हेच कळत नाही.

संस्था आधी आल्या. शोनेबर्गमधले वनस्पती उद्यान १८९७ पासून डालेमच्या शेतांत हलवायला सुरुवात झाली आणि १९१० मध्ये ते खुले झाले. विज्ञान संशोधनासाठीची कैसर विल्हेल्म सोसायटी जानेवारी १९११ मध्ये स्थापन झाली. तिच्या पहिल्या दोन संस्था, रसायनशास्त्राची आणि भौतिक रसायनशास्त्राची, ऑक्टोबर १९१२ मध्ये इथेच सुरू झाल्या. ऑक्टोबर १९१३ मध्ये रेल्वे डालेममधल्या टीलप्लाट्स स्थानकापर्यंत पोहोचली. बर्लिनची हद्द त्यानंतर सात वर्षांनी आली.

हे इतक्या सहज झाले, कारण डालेमच्या सातबाऱ्यावर एकच नाव होते. १८४१ मध्ये प्रशियन सरकारने ही सगळी जहागीर घेतली आणि गाव खालसा झाले. प्रशियात साध्या गावाला स्वतःची ग्रामसभा असे. जहागिरीच्या क्षेत्राला ती नसे. तिथे जो मालक तोच स्थानिक प्रशासन, रस्ते, शाळा, गरिबांची सोय हे सगळे त्याच्याकडे. २७ एप्रिल १९२० च्या कायद्याने बर्लिनला आणखी ७ शहरे, ५९ गावे आणि २७ जहागिरीची क्षेत्रे जोडली. डालेम त्या २७ पैकी. विरोधाचा ठराव करायला तिथे निवडून आलेले मंडळच नव्हते. खळखळ केली ती स्पांडाउसारख्या शहरांनी, ज्यांच्याकडे स्वतःची नगरपालिका आणि टाउन हॉल होता.

खरा निर्णय १९०१ चा आहे. त्या वर्षी डालेमच्या सरकारी जमिनीचे तुकडे पाडण्यासाठी शाही आयोग नेमला गेला. बंगल्यांसाठी प्लॉट विकायचे, आणि काही जमीन विज्ञानसंस्थांसाठी राखून ठेवायची, असे ठरले. ही राखीव जमिनीची कल्पना शिक्षण खात्यातील फ्रीडरिश आल्टहोफ यांची. शहराबाहेरच्या प्लॉटला भाव यायचा तर रेल्वे हवी, म्हणून आपल्या हद्दीतल्या मार्गाचा खर्च जहागिरीच्या प्रशासनाने उचलला. ब्राइटनबाखप्लाट्स स्थानक सोडले की या मार्गावरची आजची यू-३ मेट्रो भुयारातून उघड्यावर येते, त्याचे कारण हेच. वर रस्ते नव्हते, इमारती नव्हत्या, त्यामुळे बोगदा बांधून वर छत घालण्यापेक्षा जमिनीत नुसता उघडा चर खणणे स्वस्त पडले. पुढची स्थानके त्या चरातच आहेत.

आणि याच मार्गावरच्या डालेम-डोर्फ स्थानकाचे छायाचित्र ‘शेकडो वर्षे जुने शेतकऱ्याचे घर’ या ओळीसह तुम्ही अर्ध्या पानावर छापले! लाकडी चौकटीच्या भिंती आणि वर गवताचे छप्पर, हे सगळे १९१३ मध्ये रेल्वेसाठी बांधले गेले. त्यात कुठलाही शेतकरी कधी राहिला नाही. ते छप्परही मूळचे नाही. १९८० आणि पुन्हा २०१२ मध्ये आग लागल्यावर ते नव्याने घालावे लागले. जुने काही दाखवायचेच होते तर चालत काही मिनिटांवर विटांचे सेंट अॅनचे चर्च आहे, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सांध्यावरचे. १८३२ पासून १८४९ पर्यंत त्याच्या मनोऱ्यावर बर्लिन ते कोब्लेन्ट्स या दृक्-तारायंत्राचे दुसरे ठाणे होते. एका डोलकाठीला सहा हात, प्रत्येक हाताच्या चार स्थिती, म्हणजे ४०९६ खुणा. पुढच्या ठाण्याच्या खुणा दुर्बिणीतून वाचायच्या आणि आपल्या काठीवर तशाच उभ्या करायच्या. धुके पडले की काम बंद. स्थानकासमोर १५६० चा वाडा आहे, आणि त्याच्या मागे आजही सेंद्रिय शेती चालते. ती टिकवण्यासाठी नागरिकांनी १९७६ मध्ये मंडळ काढले. डालेममध्ये खेडे म्हणून जे उरले आहे ते हे, आणि त्यावर लेखात एक ओळ नाही.

आता कर्वेबाई. त्यांची संस्था म्हणून तुम्ही उंटर डेन लिंडेनवरची विद्यापीठाची मुख्य इमारत छापली आहे. पदवी त्या विद्यापीठाची, पण त्यांनी काम केले ते तिथून दहा-अकरा किलोमीटरवर, डालेमच्या ईनेश्ट्रासे २२ मध्ये. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजाशास्त्राची (निवडक प्रजननाने वंश ‘सुधारू’ पाहणाऱ्या विचाराची) कैसर विल्हेल्म सोसायटीची ही संस्था १९२७ मध्ये सुरू झाली. संचालक ऑयगेन फिशर. कवटीच्या दोन बाजूंतली असमानता युरोपीय लोकांत जास्त असते आणि तिचा संबंध त्यांच्या बुद्धीशी आहे, ही फिशर यांची धारणा. कर्वेबाईंनी कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असे त्याच फिशरना सादर करायच्या प्रबंधात लिहिले. हे तुमच्या लेखात अर्ध्या वाक्यात उरकले आहे. ती इमारत आज फ्राय विद्यापीठाकडे आहे. २०१४ मध्ये तिच्या जवळच खोदकाम करताना माणसांची हाडे निघाली, बहुधा याच संस्थेच्या संग्रहातली. ती पुरेशी तपासणी होण्याआधीच जाळून टाकली गेली आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. नंतरच्या शास्त्रशुद्ध उत्खननात सुमारे १६,००० तुकडे मिळाले. त्या मृतांची पुन्हा वंशवार विभागणी करायची नाही, असे ठरवून मार्च २०२३ मध्ये ते डालेमच्याच दफनभूमीत पुरण्यात आले. इरावतीबाईंचे बर्लिन लिहायचे आणि हे गाळायचे, हे मनाला पटत नाही.

जाता जाता आणखी एक. पुरवणीत पूर्वी शेवटच्या पानावर ‘दुरुस्ती’ची चौकट असे. ती का बंद केली? चुका थांबलेल्या नाहीत. ती चौकट पुन्हा सुरू करावी. तोवर ई-आवृत्तीत दोन्ही छायाचित्रांखालच्या ओळी तरी आजच बदलाव्यात. शाळा-महाविद्यालयांतली मुले तिथूनच मजकूर उचलतात.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे