पेस्ट कंट्रोलचा दर विचारण्याआधी परवाना विचारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई जवळ आली की वृत्तपत्राच्या घडीतून पेस्ट कंट्रोलची रंगीत पत्रके घरोघरी पडू लागतात. ‘झुरळांपासून शंभर टक्के मुक्ती’, ‘हर्बल’, ‘बिनवासाची ट्रीटमेंट’, ‘वर्षभराची गॅरंटी’ आणि खाली एक मोबाइल क्रमांक, एवढाच बहुधा त्यांवरचा मजकूर. पत्ता क्वचितच दिलेला असतो आणि परवाना क्रमांक तर मी अजून एकाही पत्रकावर पाहिलेला नाही. सोसायटीच्या कार्यकारिणीत काम करताना दिसते ते असे, की सभासद फोनवर पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा प्रश्न विचारतात तो ‘टू बीएचकेचे किती घेणार?’ हाच.

वास्तविक कीटकनाशक अधिनियम, 1968 आणि त्याखालील 1971 चे नियम यांनुसार व्यवसाय म्हणून कीडनियंत्रण करणाऱ्यास स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी कृषी पदवीधर किंवा रसायनशास्त्र विषय घेऊन विज्ञान पदवीधर झालेली, शिवाय म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या ठरावीक संस्थेत प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती असणे अपेक्षित आहे. महाराष्ट्रात हा परवाना कृषी विभाग देतो. गुमास्ता परवाना किंवा जीएसटी क्रमांक म्हणजे हा परवाना नव्हे. पण परवाना मागितल्यावर नेमके हेच कागद पुढे केले जातात आणि आपणही समाधानाने मान डोलावतो.

दुसरा प्रश्न औषधाचा. आमच्याच इमारतीत मध्यंतरी आलेल्या माणसाच्या पिशवीतून शीतपेयाची जुनी बाटली निघाली. तिच्यातले औषध त्याने बादलीत ओतताच पाणी दुधासारखे पांढरे झाले आणि नाव विचारल्यावर ‘कंपनीचेच औषध आहे, साहेब’ असे उत्तर मिळाले. कीटकनाशकाच्या मूळ डब्यावर रासायनिक नाव, नोंदणी क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, विषबाधा झाल्यास करायचे उपाय आणि लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण असतो; त्यांपैकी लाल सर्वांत विषारी. हा डबा समोर उघडून घेण्याचा आग्रह धरला, तर निम्म्या शंका तिथेच फिटतात. उग्र वास म्हणजे जालीम औषध, हा समजही आता सोडायला हवा. ज्या डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाच्या वासाची आपल्याला सवय झाली होती, त्यावर केंद्र सरकारने 31 डिसेंबर 2020 पासून पूर्ण बंदी घातली आहे. बिनवासाचे ते निर्धोक, असेही मात्र नाही.

सर्वांत गंभीर बाब ढेकणांसाठी ठेवल्या जाणाऱ्या गोळ्यांची आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा हवेतील ओलाव्याशी संपर्क येताच फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर कोणताही उतारा उपलब्ध नाही. धान्याच्या कोठारांतील धुरीकरणासाठी, तेही जाणकारांच्या देखरेखीखाली वापरायचे हे द्रव्य आहे. राहत्या इमारतीत ते वापरले, तर वायू भिंतींच्या फटींतून, डक्टमधून, वरच्या-खालच्या किंवा शेजारच्या घरात शिरतो. घर बंद करून गावाला गेलेला मालक सुखरूप राहतो आणि ज्यांना काही कल्पनाच नाही अशा शेजाऱ्यांच्या जिवावर बेतते. अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. म्हणूनच कंपनीची निवड हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे, असे मी मानत नाही. कोणत्या सदनिकेत, कोणत्या दिवशी, कोणते औषध वापरले जाणार आहे, याची आगाऊ लेखी नोंद सोसायटीने घ्यावी आणि धुरीकरणाच्या गोळ्यांना सरळ मनाई करावी. ‘एवढी चौकशी कशाला?’ म्हणून सभासद कुरकुरतील. त्यांना कुरकुरू द्यावे.

गॅरंटीबाबतही थोडे तारतम्य हवे. ढेकणांची अंडी फवारणीतून पुष्कळदा वाचतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच; एका फेरीत काम फत्ते करण्याचे आश्वासन देणाऱ्यापेक्षा दुसऱ्या फेरीची तारीख बिलावर लिहून देणारा बरा. झुरळांच्या जेलचेही तसेच. ओट्याखाली आणि कपाटांच्या बिजागरींपाशी जेलचे ठिपके देऊन त्यावर लगेच फवारा मारणाऱ्यास काम येत नाही असे खुशाल समजावे, कारण फवाऱ्यामुळे झुरळे त्या आमिषाकडे फिरकतच नाहीत. वाळवीसाठी भिंत व फरशी यांच्या सांध्यालगत साधारण फूटभर अंतराने छिद्रे पाडून औषध मुरवावे लागते. नुसत्या वरवरच्या फवारणीचे पैसे देऊ नयेत. घरात लहान मूल, दम्याचा रुग्ण, मांजर किंवा माशांची टाकी आहे का, हे आपण सांगण्याआधी जो स्वतः विचारतो, त्याला मी चार पैसे जास्त देईन.

कृषी विभागाने परवानाधारकांची जिल्हावार यादी सामान्य माणसाला सहज सापडेल अशी, मराठीत आणि परवान्याच्या मुदतीसह प्रसिद्ध करावी. आपणासही एक विनंती आहे. पेस्ट कंट्रोलची छोटी जाहिरात स्वीकारताना आपल्या वृत्तपत्राने परवाना क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीत छापावा.

आपला नम्र,
गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यकारिणीचा एक सदस्य, ठाणे