चाकूचा फोटो

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला चाकूचा फोटो पाहिला. चौकात जाळपोळ झाल्यावर हाताशी काहीतरी असावंसं वाटणारच. पण फोटोत मागे तुझा ओटाही दिसतो आणि त्यावर पाण्याची एकच बाटली आहे. मला धडकी भरली ती त्या बाटलीने.

संचारबंदी असो की पूर, माणसाला रोज साधारण 4 लिटर पाणी लागतं, पिण्याला आणि जुजबी धुण्यापुसण्याला. तीन दिवसांचे 12 लिटर, तेही कमीत कमी. साठा संपलाच तर मिळेल ते पाणी फडक्याने गाळून घे आणि खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच ठेव. जंतू मरतात त्याने. पेट्रोल किंवा रसायन मिसळलेलं पाणी मात्र कितीही उकळलंस तरी पिण्याजोगं होत नाही.

दम्याचा जादा पंप सॅकमध्ये कायमचा ठेव. तुला अश्रुधुराचा त्रास इतरांहून जास्त होईल. धूर दिसला की वाऱ्याच्या उलट दिशेला नीघ, डोळे चोळू नकोस, भरपूर पाण्याने धू.

आता गर्दीचं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांची असताना मी एक मोर्चा बघायला गेले होते, निव्वळ कुतूहल म्हणून. पुढे वाट अडली, मागून लोक येतच राहिले, आणि एका क्षणी माझे पाय जमिनीला टेकेनात. चप्पल निसटली. मी वाकले तेवढ्यात कुणीतरी वेणीला धरून मला वर खेचलं. कोण ते अजून ठाऊक नाही. लांब केसांचा तेवढाच उपयोग झाला! पुढे कळलं, की अशा गर्दीत बहुतेक लोक तुडवले जाऊन मरत नाहीत. छाती फुगायला जागाच उरत नाही, श्वास अडकतो. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की गर्दी लाटेसारखी हलायला लागते. तेव्हा लाटेला विरोध करायचा नाही. दोन्ही हात मुठी वळून छातीपुढे धरायचे आणि रेटा ओसरला की तिरकं तिरकं कडेला सरकायचं. फोन पडला तर पडू दे.

त्याहून बरं म्हणजे बघायला जाऊच नकोस. गॅलरीतूनही नाही.

राहता राहिला चाकू. झटापटीत तो दुसऱ्याच्या हातात जायला वेळ लागत नाही, आणि गेला नाही तरी रस्त्यात तपासणी झाली तर तू काय सांगणार? कुणी पाकीट, फोन मागितला तर देऊन टाक. अंगावरच आला तर ओरड, ढकल, चाव, जे जमेल ते कर, पण सुटायला वाट मिळेपर्यंतच. तो पळाल्यावर त्याच्यामागे धावलास की स्वसंरक्षण संपलं. कायदाही साधारण असंच बघतो.

चाकूपेक्षा जखम दाबायला शीक. रक्त भळभळत असेल तर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही तळव्यांनी सगळा भार द्यायचा आणि सारखं उचलून बघायचं नाही. हातापायाचं रक्त तरीही थांबत नसेल तर जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांधा सोडून, रुंद पट्टा करकचून आवळायचा आणि वेळ लिहून ठेवायची. एखाद्या प्रथमोपचार वर्गात जाऊन हे हाताने करून बघ. वाचून येत नाही.

शेजारच्यांची नावं तुला माहीत आहेत का? मागच्या वेळी विचारलं तेव्हा 'ते वरचे' म्हणालास.

फोन लागत नसला तरी मेसेज बऱ्याचदा जातो. 'सुखरूप, घरी आहे' एवढंच मावशीला पाठव, ती दूर आहे, ती आम्हा सगळ्यांना कळवेल. तिचा नंबर मात्र फोनमध्ये नको, डोक्यात हवा. रविवारी बोलू तेव्हा न बघता म्हणून दाखव.

तुझी,
आई