दोन व्हेरिएबलचं लिमिट आणि वाकड्या वाटा

संपादक महोदय,
एका व्हेरिएबलला डावीकडून-उजवीकडून बघितलं की लिमिटचं (एखाद्या बिंदूकडे जाताना फंक्शनची किंमत कशाकडे जाते, त्याचं) काम झालं, पण दोन व्हेरिएबल आले की ओरिजिनकडे, म्हणजे (०, ०) या बिंदूकडे, जायला वाटाच वाटा, त्यातल्या वाकड्यापण मोजायच्या, हे पोरांना कोणी धड सांगतच नाही! एक्सवर्ग गुणिले वाय, भागिले (एक्सचा चौथा घात अधिक वायवर्ग) हे फंक्शन घ्या. कुठल्याही सरळ रेषेवरून ओरिजिनला या, उत्तर ०च. वाय = एक्सवर्ग या पॅराबोलावरून आलात तर १/२. म्हणजे लिमिटच नाही, मग ओरिजिनला कुठलीही किंमत द्या, फंक्शन तिथे कंटिन्युअस (अखंड) होणार नाही. तरी गाइडवाले वाय = एमएक्स, म्हणजे नुसत्या सरळ रेषा, टाकून मोकळे. लिमिट नाही हे दाखवायला वेगवेगळं उत्तर देणाऱ्या दोन वाटा पुरतात, आहे म्हणायला मात्र एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) नाहीतर सँडविच (फंक्शनला एकाच लिमिटच्या दोन फंक्शनांमध्ये अडकवणं) असं काहीतरी पक्कं लागतं.
– एक वाचक