नामान दारात थांबला, तिथून

अहिल्यानगर,
शनिवार, रात्री

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, राग मानू नकोस. तुमच्या मंडळीत पुरुष मंडळ नव्याने सुरू करायचंय, आमच्याकडे कसं चालतं ते कळव, असं तू लिहिलं होतंस. मी लगेच दोन पानं लिहून काढली होती. वर्षभराचे विषय, वक्ते, उपासाचे दिवस, सगळं त्यात होतं. ती पानं फाडून टाकली. का, तेच आज लिहितो.

आमची सभा शनिवारी पहाटे सहाला भरते. पंधरा-वीस जण येतात. कुणी एमआयडीसीतली रात्रपाळी करून तसाच येतो, कुणी शिक्षक, कुणी एसटीतून निवृत्त झालेला. गेल्या महिन्यात आम्ही बायबलमधल्या 2 राजे या पुस्तकाचा पाचवा अध्याय घेतला होता, नामानाचा. वचन मीच उघडून सांगितलं. अरामाचा, म्हणजे सीरियाचा सेनापती, अंगावर कोड. बरं व्हायला निघाला तर बरोबर दहा किक्कार रुपं, म्हणजे चांदी, सहा हजार शेकेल सोनं (किक्कार, शेकेल ही तेव्हाची वजनं) आणि दहा पोशाख. घोडे, रथ घेऊन इस्राएलातल्या अलीशा संदेष्ट्याच्या दारात उभा राहिला आणि अलीशा बाहेरसुद्धा आला नाही. जासूद पाठवून निरोप दिला, यार्देन नदीत सात वेळा स्नान कर. नामान संतापला. आमच्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) अबाना आणि परपर या नद्या काय वाईट आहेत, म्हणाला.

सांगितलं चांगलं. सभेनंतर दोघा-तिघांनी हात धरून तसं म्हटलंही. मग मी प्रार्थना केली. तुला ठाऊक आहे, प्रार्थनेत मला शब्द कमी पडत नाहीत. आजारी, बेकार, परीक्षेला बसलेली मुलं, देशाचे अधिकारी, सगळ्यांसाठी मागितलं. ‘आम्ही धूळ आहोत, प्रभू’ असंही म्हटलं.

सगळे गेल्यावर आमच्या चर्चची झाडलोट करणारे, घंटा वाजवणारे काका सतरंजी गुंडाळत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “भाऊ, तुम्ही समद्यांसाठी मागता. थोरल्या भाऊंचं नाव कधी येत नाही. मी मागितलं तर चालंल का?”

माझं डोकं फिरलं. मी काही बोललो नाही, पण गाडीवर घरी येईपर्यंत एकच घोळत होतं: सांगायचंच होतं तर पाळकसाहेबांनी सांगावं, निदान मंडळीच्या पंचांपैकी कुणी. हे कोण सांगणारे? आणि घराच्या फाटकाशी आल्यावर लक्षात आलं की तासाभरापूर्वी हेच वाक्य मी नामानाच्या तोंडी घालून सभेला समजावत होतो. त्या गोष्टीत सेनापतीला वाट दाखवतं कोण, बघ. आधी लुटीत धरून आणलेली एक इस्राएली पोर, त्याच्या बायकोची दासी. मग त्याचे स्वतःचे चाकर, त्यांनी समजावलं तेव्हा तो नदीत उतरला आणि बरा झाला. बरोबर अरामाच्या राजाचं पत्र होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही.

भावाचं तुला अर्धंच माहीत आहे. विहीर सामाईक, पंपाच्या पाळीवरून कुरबूर होतीच. पण बाबांच्या मातीच्या दिवशी मी त्याला चारचौघांत नको ते बोललो. कबर बुजवून लोक परततही नव्हते. दोन वर्षं झाली त्याला. त्या दोन वर्षांत मी किती वेळा प्रभुभोजन घेतलं असेल! मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हे वचन मी तरुण संघाला पाठ करून घेतलंय.

मला वाटतं, आपल्या पुरुषांच्या सभांत हेच होतं. नम्रतेची भाषा आपल्याला येते. लूकच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यातला परूशी, नियमशास्त्र काटेकोर पाळणारा, तोसुद्धा देवाचे आभार मानूनच सुरुवात करतो, हे मी इतकी वर्षं वाचूनही पाहिलं नव्हतं. आठवड्यातून दोन उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश, यात खोटं काहीच नाही. त्याच दाखल्यातल्या जकातदाराला, ज्याला लोक पापी समजत, मात्र एकच वाक्य सुचतं, “हे देवा, मज पाप्यावर दया कर.” तो देवापुढे उभा आहे. मी सभेपुढे उभा होतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मंडळाची सहल केडगावला नेली होती (नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं), पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. तेव्हा नीट कळलं नव्हतं, आता राहून राहून आठवतं. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. एवढी संस्कृत जाणणारी बाई. तिने हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं ते साध्या भाषेत, खेड्यातल्या बायांना कळावं म्हणून. 1922 साली प्रभूकडे जाईपर्यंत त्याच कामात होती. आपली विद्वत्ता वाक्यात दिसू नये म्हणून एवढे कष्ट! मी साध्या प्रार्थनेत शब्द निवडून घालतो.

म्हणून तुला कार्यक्रम पाठवत नाही. पदाधिकारी नेमायची घाई करू नका, एवढंच म्हणेन. आणि तुमच्यात जो सर्वांत कमी बोलतो, त्याला एखाद्या शनिवारी विचारा की तुझ्या डोळ्यांना आमच्यात काय दिसतं. मग गप्प बसा. आमच्याकडे कुणीतरी सुचवलं की पंचांनीच हॉल झाडावा. झाडा जरूर, पण झाडू हातात असतानाही कुणी बघतंय का याकडे माझं लक्ष जातं, हे मी अनुभवाने सांगतो.

मागच्या रविवारी उपासनेनंतर गावी गेलो. भाऊ ओट्यावर बसला होता. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी उभ्यानेच म्हटलं, बाबांच्या मातीच्या दिवशी माझं चुकलं. पुढचं पाठ केलेलं सगळं विसरलो. बऱ्याच वेळाने त्याने वहिनींना चहा टाकायला सांगितला. पाळीचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. अजून काही मिटलेलं नाही. काकांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, “मागत ऱ्हातो.”

या आठवड्यात शेतीची लाईट रात्री बाराला येते. त्याचा गुडघा धरलाय, उद्याची पाळी त्याची आहे. मोटर चालू करायला मी जाणार आहे, त्याला अजून सांगितलेलं नाही. तू प्रार्थना कर.

आईंच्या तब्येतीचं कळव. वहिनींना सलाम.

तुझाच मित्र