पट वीसच्या खाली, म्हणून गाव रिकामं करायचं का? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

निवडणुकीच्या आधी आमच्या ग्रामदेवतेच्या सभामंडपात उभं राहून आपण शब्द दिला होता, की वाडीतली शाळा बंद होणार नाही. या जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. कारण एकच सांगितलं : पट 20 च्या खाली आहे. मुलांनी खालच्या मोठ्या गावात जायचं. त्यासाठी गाडी मिळणार होती, ती आजवर आलेली नाही.

वाट कशी आहे ते ऐका. घाटी उतरायची, पऱ्या म्हणजे ओढा ओलांडायचा, मग उघड्या कातळावरून चालत जायचं. पऱ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, गेल्या पावसात वाहून गेला. भर पावसात तिथलं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलतं. पहिलीतलं पोर त्यातून शाळेत जाईल असं ज्या साहेबांनी कागदावर लिहिलं, ते एकदा तरी इथे येऊन गेले का? शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याखालचे नियम म्हणतात, पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत. छोट्या वस्तीला जवळ शाळा नसेल तर मोफत वाहनाची किंवा तशीच दुसरी सोय सरकारने करायची. हे नियम आम्ही केलेले नाहीत, तुम्हीच केलेत.

माझा मुलगा मुंबईला न जाता इथे राहिला होता. कलमं लावली, भात करत होता. शाळा गेली आणि सूनबाई दोन्ही नातवंडांना घेऊन नालासोपाऱ्याला भावाकडे गेली. तिला दोष कसा देऊ? कापणी आटोपली की मुलगाही जाईल. मग घरात मी आणि ही. मागे हिला ताप चढला तेव्हा डोलीतून रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. डोलीला खांदा देणाऱ्यांत सगळ्यात तरुण माणूस साठीचा होता. उद्या मी आजारी पडलो तर उचलायला कोण येणार, साहेब? रात्री झोप लागत नाही ती याच विचाराने.

दवाखाना मागितला की तिथेही डोकी मोजतात. डोंगरी भागात उपकेंद्राला 3,000 लोकसंख्या हवी, प्राथमिक आरोग्य केंद्राला 20,000. रात्री मुक्कामाला येणारी एसटी बंद झाली, प्रवासी नाहीत म्हणून. माणसं कमी म्हणून सोय काढून घ्यायची, सोय नाही म्हणून आणखी माणसं जाणार, आणि पुढच्या वेळी तेच आकडे आमच्या तोंडावर फेकायचे.

2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली. सिंधुदुर्गातही घटली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र मात्र जवळजवळ 16 टक्क्यांनी वाढला. ही ऐंशी हजार माणसं काय रोगाने मेली? आणि हे झाले 2011 चे आकडे. 2021 ची जनगणना झालीच नाही, आता नवीन गणतीला 1 मार्च 2027 ही तारीख धरली आहे. तोवर रेशनचा इष्टांकसुद्धा, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, 2011 च्याच डोक्यांवर. बरं, त्या तारखेआधी फेब्रुवारीत घरोघर येऊन मोजणार कोणाला? गणपतीत या, शिमग्याला या. एकेका घरात पंधरा-वीस माणसं जेवतात. घर इथलं, देव इथला, सातबारा इथला, फक्त पोट तिकडे. पण तुमच्या हिशेबात हे गाव म्हणजे उरलेले म्हातारे.

मुंबईच्या गिरण्या आमच्या आज्या-वडिलांनी चालवल्या. 1982 च्या संपात संसार मोडले, तेव्हा याच गावाने त्यांना परत घेतलं, पेज भरवली. इतक्या वर्षांत माणूस गावातच राहावा म्हणून कोणत्या सरकारने काय केलं? या पक्षाचं असो की त्या पक्षाचं! 1993 मध्ये 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायतीला अधिकार मिळाले असं आम्हाला सांगितलं. आमची गट ग्रामपंचायत, म्हणजे एकाहून जास्त गावांची मिळून एक. शाळा बंद करू नका असा ठराव ग्रामसभेने एकमताने केला, सह्या केल्या, वर पाठवला. उत्तर नाही. गावाला आपल्या चार भिंतींच्या शाळेबद्दलही बोलता येत नसेल तर अधिकार दिलेत ते कसले? शहरात उड्डाणपुलावर उड्डाणपूल चढतो, त्याला माणशी किती खर्च येतो हे कोणी विचारत नाही. माणशी हिशेब फक्त आमच्याच वाटेला.

आमचं मागणं मोठं नाही. चौथीपर्यंतचे वर्ग वाडीतच पुन्हा सुरू करा, एक शिक्षक द्या. पुढच्या पावसाआधी साकव बांधा. मोठ्या मुलांसाठी कबूल केलेली गाडी पाठवा. आणि जे काही ठरवाल ते लेखी कळवा. शाळा सुरू होणार नसेल तर तसंही सही-शिक्क्यानिशी लिहून द्या, म्हणजे तो कागद घेऊन आम्हाला न्यायालयात जाता येईल.

आपला,
कोकणातला एक ग्रामस्थ