झाकण तूच उघडलं होतंस

प्रिय बंड्या,

कॅमेऱ्याचं झाकण तूच उघडलं होतंस. पुरावा हाती लागलाय, आता कानावर हात ठेवू नकोस.

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे, डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय. झालं, आता मुद्द्याचं.

सध्या घरातले जुने फोटो स्कॅन करतोय. अण्णांची पत्र्याची पेटी अखेर माझ्याकडे आली (कशी आली ते विचारू नकोस, ताई अजून मोजकंच बोलते). तळाशी बटर पेपरच्या पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या आणि त्यात आपला तो रोल. धुवून आला तेव्हा दुकानदारानेच वाट लावली असं तू शपथेवर सांगितलं होतंस. बिचाऱ्याच्या दुकानात आपण वर्षभर पाऊल टाकलं नाही. आता ऐक. त्याच्याकडे डबीत उजेड शिरला असता, तर रोलच्या सुरुवातीचे फोटो आधी गेले असते, कारण परत गुंडाळल्यावर तेच बाहेरच्या बाजूला येतात. आपल्या पट्ट्यांवर सुरुवात स्वच्छ आहे आणि शेवटाकडे काळं वाढत जातं, शेवटचे फोटो तर ठार काळे. म्हणजे रोल कॅमेऱ्यातच होता, परत गुंडाळलेला नव्हता, आणि कोणीतरी ‘संपला का बघू’ म्हणून झाकण उघडलं. कॅमेरा तेव्हा कोणाच्या गळ्यात होता?

पण पत्र त्यासाठी नाही. म्हणजे त्यासाठीही आहे.

त्याच रोलमधला अण्णांचा सायकलवाला फोटो तुला आठवत असणार. हात हँडलवर, उजवा डोळा बारीक केलेला, समोरच्याने काही मूर्खपणा केला की करायचे तसा. आणि डावा एक तृतीयांश भाग तुझ्या कृपेने पांढराफटक (निगेटिव्हवरचं काळं फोटोत पांढरं होतं). हा फोटो मी निगेटिव्हवरून ३२०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३२०० ठिपके) घेतला, काही न गाळणाऱ्या टिफ फाइलमध्ये ठेवला. धूळ हाताने, एकेक ठिपका करून काढली. स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ हुडकायची सोय असते, पण ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर ती चालत नाही. त्यातली चांदीच त्या किरणांना अडवते आणि यंत्राला चित्र म्हणजेच धूळ वाटते. डोळ्यांचं ऑपरेशन लांबवून मी हे करतोय, सूनबाईंना सांगू नकोस.

तर भाच्याने त्याची एक जेपेग मागून घेतली आणि कुठल्याशा एआय ॲपमध्ये टाकली. पोरगं गुणी आहे, हेतू चांगला होता. ॲपने पांढरा भाग भरून काढला. तिथे आता भिंत आहे, आणि भिंतीपुढे एक माणूस: एक खांदा, एक कान, मागे वळवलेले केस. अण्णांचा उजवा डोळाही व्यवस्थित उघडलाय. चेहरा गुळगुळीत, कोणालाही आवडेल असा. फक्त तो अण्णांचा नाही. भाच्याने फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी वा वा केली, आणि तासाभरात आत्याचा फोन आला. “अरे, मागे भाऊ आहेत की!”

तुला वेगळं सांगायला नको. त्या वर्षी भाऊ आणि अण्णा एकमेकांची सावली चुकवत होते. आत्या फोनवर रडत होती. “म्हणजे मिटलं होतं त्यांचं. मला मेलीला कोणी सांगितलंच नाही.” मी नुसतं हूं हूं करत राहिलो. भाऊ त्या दिवशी तिथे नव्हते हे छातीठोकपणे सांगणारे आपण दोघंच उरलोय, आणि त्यातल्या एकाची साक्ष किती खरी असते ते वर आलंच आहे.

मी निगेटिव्ह पुन्हा लावली, त्या भागावर होता नव्हता तेवढा उजेड चढवून पाहिला. भिंतीच्या कडेची एक पुसट रेघ दिसते. माणूस नाही. फिल्मवर जे उरलेलंच नाही ते कुठलंही ॲप परत आणत नाही, इतर हजारो फोटोंवरून अंदाज बांधतं. त्या अंदाजाला केस मागे वळवायची बुद्धी झाली, एवढंच.

आता आत्याला सांगायचं का? ताई म्हणते, गप्प बस, या वयात तिला समाधान मिळालंय ते कशाला हिसकावतोस. तिचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही, आणि हे मी तिच्यासमोर कधीच कबूल करणार नाही. पण गोष्ट आत्यापाशी थांबत नाही ना! भाच्याने त्या फाइलच्या माहितीत ‘अण्णा आणि भाऊ’ असं लिहूनही टाकलंय. ते नाव आता प्रत्येक कॉपीबरोबर फिरणार. मूळ फाइलच्या नावात मी ‘मूळ’ घातलंय, तीन ठिकाणी ठेवलीय, त्यातली एक प्रत घराबाहेर. ठेवून उपयोग काय? डाग पडलेला फोटो कोण उघडणार? पोरं देखणाच उघडणार आणि आपल्या आजोबांचं भांडण मिटलं होतं असं सांगणार. अण्णांनी ते भांडण किती निष्ठेने चालवलं होतं, बंड्या! ते असं परस्पर मिटवायचा हक्क एका ॲपला कोणी दिला?

शिवाय त्याने तुलाही निर्दोष सोडलं. हे मला जास्त लागलंय.

तुझ्या लग्नाचे रंगीत फोटोही पेटीत निघाले, सगळे लालभडक. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग अंधारात ठेवला तरी उडतो आणि लाल मागे उरतो. स्कॅन केल्यावर रंग बराचसा सावरता येतो. तुझा तो सूट मात्र सावरता येत नाही. तुमच्याकडचे फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नकोस. दात साफ करायचा फ्लॉस मागून हळूहळू सरकव, तरी निघाला नाही तर पानासकट स्कॅन कर. ६०० डीपीआय पुरे. पाठीमागची बाजूही घे, वहिनींनी तिथे काहीबाही लिहिलेलं असणार. आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सॲप दाबून त्याचा भुगा करतं.

वहिनी कशा आहेत? धाकटीला नोकरी लागली असं ऐकलं, तिला शाबासकी. घर बदलणार होतास त्याचं काय झालं? गुडघ्याचं लिहू नकोस, माझेही दुखतात.

सोबत अण्णांच्या फोटोची साधी प्रिंट पाठवतोय, पांढऱ्या डागासकट. प्रिंटच्या पाठीवर त्या दिवशी कोण कोण होतं ते तुझ्या अक्षरात लिही आणि सही कर. मऊ पेन्सिलने लिही, बॉलपेनचं दाबून पुढे उमटतं. डाग कशाने पडला तेही लिही, खरं खरं.

आणि आत्याचं काय करू ते कळव. तिला तो दुसरा फोटो मोठा करून खोलीत लावायचाय, भाच्याने फ्रेमचं मापही घेतलंय. पत्राच्या उत्तराची वाट बघायला वेळ नाही, हे वाचलंस की फोनच कर. सकाळी कर, दुपारी ताई असते.

तुझा,
बाळ्या