तिकीट मी पाहिलं होतं

महोदय,

भोंदूबाबांच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. गुप्तधन, पैशांचा पाऊस, मध्यरात्रीची पूजा. आमच्या मंदिराच्या ओट्यावर सकाळी पेपर वाचत बसणारे आम्ही पाच-सहा म्हातारे त्या मोठ्याने वाचायचो आणि लोक इतके बावळट कसे असतात म्हणून हळहळायचो. आता तशी बातमी दिसली की कुणीतरी मुकाट्याने पान उलटतो. कारण आम्हीही फसलो आहोत, आणि ते अजून आमच्या लेआउटच्या, म्हणजे वस्तीच्या, बाहेर गेलेलं नाही.

आम्हाला फसवणाऱ्याला जटा नव्हत्या, अंगारा नव्हता, अंगात येणं नव्हतं. शर्ट-पॅन्ट, साधी चप्पल, आणि ढोलकवर हात असा की आमच्या शनिवारच्या भजनाला पहिल्यांदा नीट ठेका मिळाला. 2023 च्या हनुमान जयंतीला तो महाप्रसादाच्या पंगतीला आला, जेवला आणि कुणी न सांगता गंज-पातेली घासायला बसला. मूर्तिजापूरकडचा आहे म्हणाला. मागच्या गल्लीत खोली घेतली. पहाटे पाचला मंदिर झाडायचा. कुणाला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, दाखवायचं असलं की ओपीडीच्या रांगेत आधी जाऊन उभा राहायचा. पहिलं सव्वा वर्ष त्याने कुणाकडून एक रुपया घेतला नाही, उलट पुढच्या जयंतीला 5,100 रुपये स्वतः दिले. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. मीही. माझ्या बायकोच्या मोतीबिंदूच्या वेळी हाच माणूस दोन दिवस आमच्यासोबत होता, हे मी अजून विसरू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा पुरता रागही येत नाही.

जून 2024 मध्ये त्याने विषय काढला. प्रयागराजला महाकुंभ आहे, मौनी अमावास्येचं स्नान 29 जानेवारीला, आपण सगळे मिळून जाऊ. माणशी 12,500, पाच महिने 2,500 प्रमाणे. त्यात जाणं-येणं, तंबू, जेवण, परतीत काशी. 43 जणांनी नावं दिली.

पैसे घेण्याची त्याची पद्धत पाहा. हातात कधीच घ्यायचा नाही. मारुतीसमोर स्टीलचा डबा ठेवलेला असे. माणसाने नारळ ठेवायचा, नोटा डब्यात टाकायच्या, हात जोडायचे. मग तो लाल वहीत, जिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिलेलं होतं, तुमचं नाव लिहायचा. देवाला साक्ष ठेवून दिलेल्या पैशांची पावती कोण मागणार? मागितली असती तर तो संशय भाऊवर नाही, मारुतीवर घेतल्यासारखा झाला असता. नोटा डब्यात पडायच्या त्या शेंदुराच्या बोटांनी, म्हणून कडेला केशरी डाग लागायचे. तशा डागाची एक 500 ची नोट नंतर आमच्या किराणावाल्याच्या गल्ल्यात आली होती. वही अर्थातच त्याच्याबरोबर गेली.

आता माझा भाग. मी रेल्वेतून निवृत्त झालो. 34 वर्षांच्या नोकरीतली 22 वर्षं आरक्षणाच्या खिडकीमागे गेली. श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी भजन संपल्यावर भाऊने एक कागद फिरवला. 26 जानेवारीची गाडी, शयनयान, डबा, बर्थ, 43 नावं, सगळ्यांसमोर ‘कन्फर्म’, आणि वर एकच पीएनआर. कागद माझ्या हातात आला आणि पहिल्या नजरेत दोन गोष्टी खटकल्या. एका तिकिटावर सहापेक्षा जास्त प्रवासी येत नाहीत. आणि तेव्हा आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं, म्हणजे 26 जानेवारीची गाडी सप्टेंबर संपत आल्याशिवाय उघडणारच नव्हती. आम्ही होतो ऑगस्टमध्ये. अख्खी बोगी घ्यायची पद्धत असते, मला ठाऊक आहे, पण तिचे कागद वेगळे असतात आणि ती अशी दिसत नाही.

मी विचारलं. हळू आवाजात, पण विचारलं. तो हसला. “काकाजी, तुमच्या वेळचे नियम आता कुठे राहिले? धार्मिक संस्थांचा कोटा असते न हा.” धार्मिक संस्थांचा असा कोटा मी 22 वर्षांत ऐकला नव्हता. पण भोवती 40 माणसं बसलेली, बायकांनी प्रसादाच्या वाट्या भरायला घेतलेल्या, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव की बाप्पा, हे काका आता इथेही हिशेब काढतात. मी कागद पुढे सरकवला.

तो तिथेच थांबला नाही. पुढच्या शनिवारपासून तोच सांगू लागला, “तिकिटं रेल्वेवाल्या काकांनी पाहिलेली आहेत.” म्हणजे माझा प्रश्न माझ्याच नावाचा शिक्का होऊन परत आला. नोव्हेंबरमध्ये रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 वर आणली, तेव्हा याने माणशी आणखी 500 मागितले. जुनी तिकिटं रद्द झाली, फरक भरावा लागतो म्हणे. आधी काढलेली तिकिटं कायम राहतील असं रेल्वेने स्पष्ट कळवलं होतं आणि ते मी वाचलेलंही होतं. माझे आणि बायकोचे मिळून हजार रुपये मी तरीही डब्यात टाकले. त्या दिवशी मी नेमका काय विचार केला, हे आज मला सांगता येत नाही.

आमच्या ओळीत एक बाई राहतात. नवरा नाही, पापड-कुरड्या करून विकतात. चौथ्या हप्त्याच्या आदल्या दिवशी त्या घरी आल्या. 10-20 च्या नोटांची गड्डी पदरात होती. म्हणाल्या, “काकाजी, तुम्ही तिकीट पाहिलं होतं न?” मी म्हटलं, “पाहिलं होतं.”

शब्दाला शब्द पाहिला तर मी खोटं बोललो नाही.

24 जानेवारीला फोन बंद झाला. 25 ला शनिवार, भजनाला आला नाही. खोलीत गादी, बादली आणि ढोलक. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली नव्हती, कारण देवळातल्या माणसाची कसली माहिती द्यायची. 43 जणांचे 13,000 प्रमाणे 5 लाख 59 हजार गेले.

पुढे जे झालं, त्यासाठी खरं तर हे पत्र लिहितो आहे. 29 जानेवारीला पहाटे प्रयागराजला संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली. 30 भाविक गेल्याचं सरकारने सांगितलं. टीव्हीवर ते पाहिलं आणि दुपारपर्यंत आमच्या लेआउटचा सूरच बदलला. “आपण तिथंच असतो जी. देवानंच वाचवलं.” पैसे गेले पण जीव वाचला. दोघी-तिघींनी तर असंही म्हटलं की भाऊला आधीच कळलं असेल, म्हणून त्याने नेलं नाही. ज्याने नोटा नेल्या, त्याच्या खात्यात आम्ही आमचे प्राणही जमा करून टाकले! तो कुठे असेल तिथे हे ऐकून त्यालाही हसू आवरलं नसतं.

रविवारी समितीची बैठक झाली. मी म्हटलं, ठाण्यात जाऊ. चिटणीस म्हणाले, मंदिराची बदनामी होईल. दुसऱ्यांनी खरं कारण सांगितलं. मंदिर लेआउटच्या ओपन स्पेसवर आहे, समितीची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी नाही. 2018 मध्ये शहरात अनधिकृत धार्मिक स्थळं पाडायची मोहीम चालली, तेव्हापासून कागद म्हटलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. तेव्हा मला आठवलं. भाऊ नवा होता तेव्हा एकदा झाडता झाडता त्याने सहज विचारलं होतं, “काकाजी, आपलं ट्रस्ट रजिस्टर आहे न?” मी त्याला सगळं सविस्तर सांगितलं होतं. कोणत्या देवळातले लोक पोलिसांत जाणार नाहीत, हे तो झाडू मारता मारता मोजत होता.

आपले वाचक म्हणतील, जादूटोणाविरोधी कायदा आहे की. आहे, आणि त्याचा मला अभिमानही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला खून झाल्यावर अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये आमच्या याच नागपूरच्या अधिवेशनात कायदा मंजूर झाला. पण आमच्या माणसाने चमत्काराचा दावाच केला नाही. त्याने ढोलक वाजवला आणि भांडी घासली. ही साधी फसवणूक आहे. पूर्वी 420 म्हणायचे, 1 जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत कलम 318. त्याला लागते फिर्याद, आणि फिर्यादीला लागतात माणसं.

शेवटी मी एकटाच ठाण्यात गेलो. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पावती विचारली. ती नव्हती. मग विचारलं, कुणी मोबाइलवरून पाठवले का? घरी येऊन चौकशी केली, तर बाहेरगावच्या मुलांनी आईवडिलांच्या नावाने पाठवलेले सात व्यवहार निघाले. डब्यात न पडलेले तेवढेच पैसे आज पुरावा आहेत. खातं भलत्याच नावावर आहे, पण खातं आहे. त्या सातांपैकी चार जण सहीला तयार झाले. पापडवाल्या बाईंनी सगळं रोखीत दिलं होतं, तरी त्या पाचव्या म्हणून आल्या. ठाण्याच्या बाकावर त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. मीच सांगितलं, ऑगस्टमध्ये काय दिसलं होतं ते. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “तवाच बोलले असते तर माहे दोन हप्ते तरी वाचले असते.” हिशेब बरोबर होता.

मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, नंदनवन, वाठोडा, कुठल्याही लेआउटमधल्या मंदिरात, भजनी मंडळात असा माणूस येऊन गेला असेल किंवा आज असेल, तर कृपया कळवा. वय चाळिशीच्या आतबाहेर, ढोलक डाव्या हाताने वाजवतो, आपण होऊन भांडी घासतो, वर्षभर काही मागत नाही, आणि तुमच्या समितीचे कागद आहेत की नाहीत हे एकदा सहज विचारतो. मला नको, जवळच्या ठाण्यात कळवा. यात्रेचे पैसे दिले असतील आणि पीएनआर मिळाला असेल तर तो रेल्वेच्या 139 वर विचारून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते खिडकीमागे बसून हजारो लोकांसाठी केलं, स्वतःसाठी केलं नाही.

खाली माझं नाव नाही, याबद्दल आपण मला बोल लावाल आणि तो मला मान्य आहे. माझ्या नावावरून मंदिर ओळखू येतं, आणि समितीने अजून ठरवलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, दक्षिण नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)